बंगल्याची चारी बाजूंची पडवी

माझं माहेर देवरूखचं. डोंगरातली मुलगी मी, लग्न होऊन रत्नागिरीला आले तोवर समुद्र पाहिलाच नव्हता. सासरचं घर समुद्रावरच्या टेकाडावर होतं, पण समुद्र दिसायचा तो फक्त पुढच्या ओटीवरून, आणि ओटी पुरुषमाणसांची. आम्हा बायकांचा वावर मागे. तिथून दिसायचा दगडी गडगा आणि गोठा. समुद्र नुसता ऐकू यायचा. भांडी घासता घासता मला वाटायचं, शेजारी लग्न चाललंय आणि मला बोलावलेलं नाही.

एकदा धीर करून हे मी ह्यांना सांगितलं. हे कचेरीत नोकरीला होते. जुनं घर पाडून नवं बांधायचं तेव्हा घाटत होतं. हे म्हणाले, "मग आपण बंगलाच बांधू. बंगल्याला चारी बाजूंनी पडवी असते. कुठूनही निघालीस तरी फिरत फिरत समुद्रापुढे पोचशील."

मला आनंदाने जेवण जाईना.

पण मामंजींनी तिथल्या तिथे निकाल लावला. "बंगला? ते इंग्रजी घर. साहेबाने राहावं त्यात. साहेबाचं तोंड बघणं सुटलं म्हणून पेन्शनीचा आनंद, आणि आता त्याचं घर डोक्यावर घेऊ?"

हे वाद घालणारे नव्हेत. दुसऱ्या दिवशी कचेरीतून एक जाडजूड इंग्रजी कोश काखेत मारून आले. मी आणि जाऊबाई माजघराच्या दाराआड उभ्या.

"अप्पा, शब्द इंग्रजी कोशात आहे खरा," हे म्हणाले, "पण तो इंग्रजांचा नव्हे. बंगालवरून आलाय. बंगाली शेतकऱ्याचं घर ते. बुटकं, गवताने शाकारलेलं, भोवती पडवी. साहेब तिकडे उतरला, उकाड्याने हैराण झाला आणि त्या घरात शिरला. घरही घेतलं, नावही घेतलं."

मामंजींचा अडकित्ता थांबला. मी मनात देवाचा धावा करत होते.

"म्हणजे कलेक्टर झोपडीत राहतो?"

"मूळ बघाल तर, होय."

"आणि मी जन्मभर बाहेर जोडे काढून उभा राहिलो, तो झोपडीपुढे?"

मग ते जे हसत सुटले! सुपारी सांडली, ठसका लागला. सासूबाईंना हाक मारून म्हणाले, "अगो, ऐकलंस काय? आपला गोठासुद्धा बंगलाच! म्हशी बंगल्यात राहतात!"

"मग शेण साहेबाला काढायला सांगा," सासूबाई चुलीपाशी बसूनच म्हणाल्या.

जाऊबाईंनी पदर तोंडात कोंबला, मी माझा कोंबला. एकमेकींकडे पाहिलं मात्र, दोघींचे पदर सुटले.

बंगला झाला. जांभ्याचे चिरे, वर कौलं आणि चारी बाजूंनी पडवी. पण पडवी गोल फिरली की मागचं कुठे संपतं नि पुढचं कुठे सुरू होतं, हे कोणाला कळावं? सासूबाईंना ते पहिल्याच दिवशी खटकलं. त्यांनी पडवीत गेरूची ठळक रेघ ओढली. "बायकांनी ह्याच्यापलीकडे जायचं नाही." समुद्र सगळा रेघेपलीकडे! मी रडायची तेवढी राहिले.

त्याच महिन्यात मला कावळा शिवला. बाहेर बसायचे दिवस. मी नेहमीसारखी मागच्या पडवीत जाऊन बसले.

"इथे नको गो, चुलीची वाट आहे," सासूबाई म्हणाल्या. मी सरकले. "इथे नको, विहिरीचं पाणी इथून येतं." आणखी सरकले. "तिथे देवघराची खिडकी!" असं करत करत मी रेघेपाशी आले. सासूबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि हात झटकून म्हणाल्या, "जा बाई त्या पश्चिमेच्या कोपऱ्यात. तिथे काहीच नाही."

तिथे काहीच नव्हतं. फक्त समुद्र होता. एवढा मोठा, एवढा उघडा की मी एकटीच खुळ्यासारखी हसत बसले. संध्याकाळी आगबोट गेली. जाऊबाई मागच्या खिडकीतून ओरडून विचारत होत्या, "काय दिसतंय? सांग ना! आता काय दिसतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊबाईंनी जाहीर केलं, त्यांनाही कावळा शिवला.

"अगो, गेल्याच आठवड्यात ना तू बाहेर बसली होतीस?" सासूबाई म्हणाल्या.

"काय करू आत्याबाई, शिवला खरा," असं म्हणत त्या चटई घेऊन माझ्याकडे पळाल्यासुद्धा.

घरचं सगळं काम सासूबाईंच्या अंगावर पडलं. संध्याकाळी त्या रागारागाने आमचा चहा घेऊन आल्या, कप लांबूनच ठेवले आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आगबोट आली. दिवे लागलेली. त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"ही रोज जाते?"

"रोज," आम्ही दोघी म्हणालो.

"चाळीस वर्षं झाली मला ह्या घरी येऊन," त्या म्हणाल्या आणि आमच्यापासून हातभर लांब, भिंतीला टेकून खाली बसल्या.

आतून मामंजी ओरडले, "अगो, भात करपला!"

सासूबाई हलल्या नाहीत. "ऐकू येत नाही हो इथे," त्या म्हणाल्या, "समुद्राचा फार आवाज आहे."