नाकावर आलेली देवी

लग्न होऊन मी लातूरहून माले गावात आले, तेव्हा सासूबाईंच्या नाकपुडीशेजारचा काळा, चकचकीत तीळ मोहरीएवढा होता. पुढे माझ्या नवऱ्याला कंपनीत नोकरी लागली, घरावर स्लॅब पडला आणि तीळही वाढत गेला. साहजिकच तो भाग्याचा ठरला. आत्या, म्हणजे आमच्याकडे सासूला म्हणतात त्या आत्या, तो आल्यागेल्याला दाखवायच्या.

एका लग्नात नथ घासून त्या भाग्यातून रक्त आलं. ते थांबेना, म्हणून पुण्याला दाखवलं. त्वचेचा कॅन्सर निघाला.

आत्यांना बाहेर बसवून डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना नीट समजावलं. हा सहसा अंगभर पसरत नाही, पण ठेवला तर नाक खाईल. वरचा भाग लेसरनं जाळायचा आणि मुळाशी उरेल त्यासाठी घरी मलम लावायचं. मलम त्या जागेपुरती अंगाचीच ताकद जागी करतं. जागा लालबुंद होईल, खपल्या धरतील, कदाचित तापही येईल. त्यांना विचारल्याशिवाय थांबवायचं नाही. गाडीत बसताना नवऱ्यानं मला बजावलं, कॅन्सर हा शब्द घरात काढायचा नाही. आत्यांना सांगितलं, तीळ जरा बिघडलाय.

लेसर निभावलं. मलम सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत नाक टोमॅटोसारखं लाल झालं, खपल्या आल्या, अंग तापलं. आत्यांच्या थोरल्या जाऊबाई बघायला आल्या आणि उंबऱ्यातच हात जोडून म्हणाल्या, "देवी आलीया."

झालं. दाराला लिंबाचा पाला लागला, घरातली फोडणी बंद झाली, मलमाची ट्यूब कपाटावर गेली. देवीला औषध चालत नाही. तिचा मान राखायचा आणि शांत होऊन परत जा म्हणून विनवायचं. एकट्या नाकापुरती आलेली देवी मी तरी पहिल्यांदाच पाहत होते. दिवसभर कॉम्प्युटरला अक्कल शिकवणारा माझा नवरा मुकाट्यानं बिनफोडणीचं वरण भुरकत होता.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या खूश झाल्या. "लागू पडतंय की! चालू ठेवा."

मी ट्यूब काढली तशा आत्या खेकसल्या, "एका तिळापायी देवीचा कोप घिऊ व्हय?"

त्यांचंही बरोबरच होतं. तिळासाठी कोण घेईल? मला मात्र ते नाक उद्या नसेल असं दिसायला लागलं आणि रडू कोसळलं. "आत्या, तो तीळ नाही. कॅन्सर आहे. तुमच्या अंगातलीच ताकद त्याच्याशी झुंजतेय, म्हणून लाल झालंय. हे मलमच तिला बोलावतंय."

नवऱ्याचं भुरकणं थांबलं. रोज येऊन बसणाऱ्या थोरल्या जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. आत्यांनी दाराच्या पाल्याकडे पाहिलं.

"आदी सांगाया काय झालं व्हतं?" त्या म्हणाल्या. "ती माझ्यासाटी भांडाया आलीया, आन् मी तिला जा जा म्हनतीया!" मग जाऊबाईंकडे वळून, "वयनी, वरनाला फोडनी घाला. लढनारीला कुनी आळनी जेवू घालतं व्हय?"

मी बोटावर मलम घेतलं. आत्यांनी नाक पुढं केलं, डोळे मिटले.

"नीट लाव," त्या म्हणाल्या. "अर्ध्यातनं जाऊ दिऊ नगंस तिला."