मुरमाची जागा

आमच्याकडे मेलेलं माणूस जाळत नाहीत, मातीत बसवतात. त्यामुळे मेल्यावरही जमीन आणि हवामान यांच्याशी संबंध सुटत नाही.

अहमदपूरजवळच्या आमच्या शेतात दोन जमिनी आहेत. खाली ओढ्याकडची काळी, वर माळाची मुरमाड. काळी उन्हाळ्यात अशी भेगाळते की आत पडलेलं खुरपं परत हाती लागत नाही. पावसात तीच फुगते आणि पाणी धरून बसते. मुरमावर पाणी थांबत नाही, पीकही धड येत नाही. माझे वडील, अप्पा, त्या तुकड्याला 'फुकटखाऊ' म्हणायचे.

आई वैशाखात गेली. तिला काळ्या रानात बांधाकडेला ठेवलं. टिकावाच्या घावागणिक दगडासारखी ढेकळं उडत होती. त्याच दिवशी अप्पांनी माझ्या धाकट्या भावाला बजावलं, "मला हिच्या शेजारी. दुसरीकडं न्हाई."

अप्पा गेले ते भाद्रपदात, झड लागलेली असताना. नांदेडहून निघालेली माझी बस लोह्याच्या पुढे रस्त्यावरचं पाणी ओसरेपर्यंत अडकली. घरी पोचले तेव्हा अप्पांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती. भाऊ शेतात होता. मी चपला हातात घेतल्या आणि चिखलातून तिकडे गेले.

आईशेजारचा खड्डा सकाळपासून खणत होते आणि तो सकाळपासून ढासळत होता. भाऊ गुडघाभर पाण्यात उभा राहून बादलीनं पाणी उपसत होता.

"किती उपसशील?"

"काढायलो ना, अक्का. होतंय."

"खालून झिरपतंय ते. विहीर पाडतोस का?"

"अप्पांचा शब्द हाय. तू सणाला येतीस अन् जातीस. गावात मला राहायचंय."

ते लागलं, पण रुसायला वेळ नव्हता. "शब्द उन्हाळ्यातला होता," मी म्हणाले. "पाण्यात बसवतोस बापाला?"

काठावरून चुलते म्हणाले, "पोरी, सांग, आम्ही वर माळावर खणतो. पण उद्या तुम्ही दोघं भांडून आम्हाला बोल लावू नका."

एवढ्यात आईच्या बाजूची भिंत सुटली आणि खड्ड्यात बसली. भाऊ बादली टाकून वर आला.

"वर खणा," मी सांगितलं.

मुरमातला खड्डा कोरडा निघाला, बाजू सरळ उभ्या राहिल्या. अप्पांना बसवलं, बेल आणि विभूती घातली. भावानं पहिली माती लोटली, माझ्याकडे पाहिलं नाही. दिवाळीला त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही.

उन्हाळ्यात मी शेतात गेले. आईच्या समाधीचा ओटा भेगेनं एका अंगाला कलला होता. अप्पांचा वर जसाच्या तसा. नांगरलेल्या काळ्या रानात मात्र आईपासून अप्पांपर्यंत एक पट्टी नांगराविना सोडलेली होती, बैलगाडी जाईल एवढी. त्या पट्टीवरून भाऊ वरचा मुरूम आणत होता. काळ्या जमिनीत घर बांधताना पाया खोदून मुरूम भरतात, तसा तो आईच्या ओट्याखाली भरत होता.

"पट्टी पेरणीला मोडशील ना?" मी विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "जाण्या-येण्याला ऱ्हाऊ दे. अक्का, ते घमेलं धर."

मी धरलं.