सिद्राम आणि दगडातला जीव

बेळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा होती आणि तिथं सिद्राम नावाचा शिपाई होता. मूळचा निपाणीचा. आई तंबाखूच्या वखारीत राबायची. आठवीनंतर त्याची शाळा सुटली आणि चौसष्ट साली तो या नोकरीला लागला. तेव्हापासून एकोणीस वर्षं त्याचं मुख्य काम एकच. प्रॅक्टिकलच्या दिवशी बेडूक क्लोरोफॉर्मच्या बरणीत सोडायचे आणि निपचित पडले की ट्रेमध्ये उताणे मांडायचे. हात सफाईदार होता. एकही बेडूक त्याच्या हातून तडफडला नाही. पण पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना पहिल्याच शीलापाशी, जीवहत्येपासून दूर राहीन असं म्हणताना, त्याची जीभ जड व्हायची. शेजारी बसलेल्या तानीबाईला, त्याच्या बायकोला, ते कळायचं. 

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात विभागप्रमुख मारुतीराव सरांनी त्याला जवळ बोलावलं. सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि छातीचं दुखणं सुरू झालं होतं.

"सिद्राम, आपली पोरं समुद्रातले प्राणी बघतात ते बाटलीतले. पांढरेफटक. मला इथं खाऱ्या पाण्याची टाकी करायचीय. जिवंत. सांभाळशील?"

"जमंल का सर मला? मी आजवर मारायचंच काम केलंय."

"म्हणून तर तुला विचारतोय," सर म्हणाले.

सुट्टीत दोघं टेम्पो घेऊन वेंगुर्ल्याला गेले. प्लास्टिकच्या कॅनमधून पाणी आणलं, ओल्या पोत्यात गुंडाळून भोकाभोकांचे दगड आणले. खडकातल्या डबक्यांतून बोटाएवढे चौदा मासे आणि शंखातल्या वीसेक गोगलगाई आणल्या. टाकी खिडकीजवळच्या ओट्यावर बसली. हवेचा पंप बुडबुडे सोडू लागला. पहिले आठ दिवस अख्खं कॉलेज बघायला लोटलं.

नवव्या दिवशी एक मासा कमी भरला. मग आणखी एक. कधी अर्धा तुकडा तळाला सापडायचा, कधी काहीच नाही. महिन्याभरात चौदाचे सात झाले. विभागातले एक प्राध्यापक सगळ्यांदेखत बोलले, "नमुन्यांच्या फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले हात टाकीत घालतोय हा. मरणारच मासे."

सिद्राम खाली मान घालून उभा राहिला. त्या दिवसापासून तो घरी गेला की चुलीतली राख घेऊन कोपरापर्यंत हात घासायचा. कातडी सोलवटली. शेवटी तानीबाईनं त्याचा हात धरला.

"अवो, आता रगात यायचं. काय लागलंय त्येला?"

"मरण लागलंय गं," तो म्हणाला. "एकोणीस वर्साचं. राखंनं न्हाय जायचं."

तानीबाईनं खोबरेल तेल आणून त्याच्या हाताला चोळलं. मग म्हणाली, "ह्या हातांच्या कमाईचं मी रोज जेवते. मला न्हाय कधी काय झालं."

दुसऱ्या दिवशी टाकीचा तळ साफ करताना त्याला शंखांचे तुकडे मिळाले. त्यानं ते तळहातावर घेऊन उजेडात धरले. शंख विरघळलेले नव्हते, झिजलेले नव्हते. फुटले होते. घाव घातल्यासारखे. तो तसाच मारुतीराव सरांच्या टेबलापाशी गेला.

"सर, औषधानं गोगलगाय मरंल. पर कवच कसं फुटंल?"

सरांनी चष्मा वर करून तुकडे निरखले. "म्हणजे आपण दगडांबरोबर कुणाला तरी घेऊन आलोय," ते म्हणाले.

सिद्राम आता कान देऊन बसू लागला. प्रयोगशाळा रिकामी असली की टाकीतून मधूनच टक् असा आवाज यायचा, अडकित्त्यानं सुपारी फोडल्यासारखा. दिवसा तो जीव बाहेर पडत नाही हे त्यानं ताडलं. मग भर दुपारी त्यानं टाकीवर काळं कापड घातलं, बॅटरीच्या काचेला लाल कागद बांधला आणि कापडाखाली डोकं घालून बसला. तास गेला. दुसरा गेला. मग मधल्या दगडाच्या बिळातून देठावरचे दोन डोळे बाहेर आले आणि दोन दिशांना फिरले. मागून अंग आलं. कोळंबीसारखं, हिरवं, कडेला तांबूस. पुढचे पाय टोळासारखे दुमडलेले. एक गोगलगाय सरकत जवळ आली. पाय सुटला तो दिसलाच नाही. फक्त आवाज झाला आणि शंख फुटला.

सिद्रामला राग आला म्हणावं तर तसंही नव्हतं. त्याला आपले हात आठवले, आणि कितीतरी दिवसांनी ते हलके वाटले.

तो दगड बादलीत काढला. बिळातला जीव काही केल्या निघेना. सर म्हणाले, "गोळी सोडा आण." कॉलेजसमोरच्या गाड्यावरून बाटली आणून सिद्रामनं पिचकारीनं सोडा बिळात सोडला. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा गुदमरलेला तो जीव बाहेर उसळला आणि सिद्रामच्या अंगठ्यावर असा दणका बसला की नख उभं चिरलं. रक्त बादलीत ठिबकलं.

सरांनी फॉर्मॅलिनची बाटली पुढे केली. "असा नमुना आपल्या संग्रहात नाही. घाल यात."

एकोणीस वर्षांत सिद्रामनं सरांना कधी नाही म्हटलं नव्हतं.

"नको सर. त्यो आपणहून आला न्हाय. त्येचं घर उचलून आपणच आणलंय."

 सरांनी बाटलीला बूच लावलं आणि कपाटातून मोठी काचेची बरणी स्वतः काढून दिली. त्यात तो दगड, तेच पाणी, बुडबुड्यांची वेगळी नळी. सिद्राम त्याला खेकड्याचे तुकडे घालू लागला.

म्हणून सिद्राम सगळ्यांनाच दया दाखवत सुटला असं नाही. त्याच दगडांवरून बारीक तपकिरी समुद्रफुलं, फुलासारखे दिसणारे डंखी जीव, आली होती. एक खुडलं की चार उगवायची, आणि त्यांच्या डंखांनी मासे भाजायचे. ती त्यानं इंजेक्शनच्या सुईतून उकळतं पाणी सोडून एकेक करून मारली. महिनाभर रोज. मारताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा. काय, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. उरलेले सात मासे मात्र जगले. पुढच्या खेपेला आणलेले दगड त्यानं तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवले, रोज हलवून पाहिले, मगच टाकीत घातले. ज्या प्राध्यापकांनी बोल लावला होता ते माफी मागायला आले नाहीत. पण एकदा वर्ग घेऊन आले आणि पोरांना म्हणाले, "हे सिद्राम सांगतील." सिद्राम घाबरला, अडखळला, आणि मग अर्धा तास बोलला.

मारुतीराव सर पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात गेले; निवृत्तीला चार महिने होते. शोकसभेत सिद्रामला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठला, उभा राहिला आणि खाली बसला.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एका पहाटे वादळी वळीव झाला. खांब पडले, शहराची वीज गेली. पंप बंद. सकाळी सिद्राम येऊन बघतो तर मासे वर तोंड काढून धापा टाकत होते. त्यानं तांब्या घेतला, पाण्यात हवा मिसळावी म्हणून टाकीतलं पाणी उपसून उंचावरून पुन्हा टाकीत ओतू लागला. मग बरणीत. मग पुन्हा टाकीत. दुपार झाली तरी तो घरी आला नाही, म्हणून तानीबाई डबा घेऊन आली. कॉलेजच्या आत ती कधी आली नव्हती. दाराशी चपला काढून उभी राहिली.

"ये आत," सिद्राम म्हणाला. ओतायचा मात्र थांबला नाही.

तिनं डबा ठेवला, पदर खोचला आणि त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला. "तुमी जेवा."

तो भिंतीला टेकून भाकरी खात बसला. तानीबाई पाणी ओतत होती. ओतता ओतता तिनं मासे बघितले, मग शेजारच्या बरणीतले ते फिरते डोळे.

"ह्योच का त्यो? नख फोडलेला?"

"व्हय."

"ह्येलाबी पाणी घालायचं?"

"व्हय. त्येलाबी."

तिनं बरणीतही धार धरली. वीज संध्याकाळी साडेपाचला आली. चार मासे गेले होते, तीन उरले होते. बरणीतला जीव बिळात सरकला आणि तिथूनच बाहेर बघत राहिला.