दाराचा हक्क

देल्फोर बोनीनने उभ्या आयुष्यात कुणाचा पेसो बुडवला नाही, हे आधी सांगून टाकतो. चाळीस वर्षं त्याने लोकांचे फ्रिज दुरुस्त केले आणि जुना भाग नवा म्हणून कधी कुणाच्या गळ्यात मारला नाही. नाकासमोर चालणारा माणूस, आणि अशांना असतो तसा त्याला त्याचा थोडा माजही होता.

आमचं जुनं आमपारो पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा गाव उचलून वर टेकाडावर नेलं आणि खालची घरं, चौक, शाळा सगळं उरुग्वाय नदीच्या पोटात गेलं. माणसं पांगली. कुणी कोंकोर्दियाला, कुणी रोसारियोला, कुणी पार ब्युनॉस आयर्सला. देल्फोर नव्या आमपारोत राहिला, आणि काम सुटल्यावर त्याने संगणकावर एक फोरम काढला. नाव ठेवलं ‘काठ’. बुडालेल्या गावाच्या वस्तू तिथे विकायच्या आणि घ्यायच्या: पोस्टकार्डं, दुकानांच्या पावत्या, शाळेचे बिल्ले, एकाने तर नळाची तोटी विकली होती आणि तिच्यावरून दोन सख्खे भाऊ हमरीतुमरीवर आले होते.

नियम देल्फोरनेच लिहिले. एकदा लिहिलेली किंमत वाढवायची नाही. वस्तूखाली ज्याने आधी ‘हात वर’ असं लिहिलं, वस्तू त्याची. मागच्या दाराने जास्त पैसे देऊ करणारा तो चोर. सौदा पुरा झाला की दोघांनी एकमेकांच्या नावापुढे ‘सौदा सरळ’ असं लिहायचं. आणि या सगळ्यांच्या वर एक नियम, जो दुसऱ्या कुठल्या फोरमवर मी तरी पाहिला नाही: दाराचा हक्क. चित्रात ज्याचं घर दिसतं, चित्र आधी त्याचं. दुसऱ्या कुणी हात वर केलेला असला, तरी घरचं माणूस ‘हे आमचं दार’ म्हणालं की त्याने मुकाट्याने हात खाली घ्यायचा. त्यासाठी प्रत्येक चित्र तीन दिवस फोरमच्या फळ्यावर राहायचं. आमची घरं गेली, दारांची चित्रं तेवढी राहिली, तेव्हा हा नियम कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

रोसारियोच्या रुलो पेत्रीने, जुन्या वस्तूंचा व्यापारी तो, एकदा जास्त पैसे चारून शाळेचं चित्र परस्पर पळवलं. देल्फोरने त्याला सगळ्यांसमोर हाकललं. ‘मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्यांना इथे जागा नाही,’ असं लिहिलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तेव्हापासून त्याला ‘न्यायाधीश’ म्हणायला लागलो.

न्यायाधीशाचा स्वतःचा जीव मात्र एका कार्डात अडकला होता. अठ्ठावन्न साली पास्कुअल नावाच्या फोटोवाल्याने गावाची चोवीस पोस्टकार्डं छापली होती, क्रमांक घालून. देल्फोरकडे तेवीस होती. सतरा नव्हतं. बेलग्रानो रस्त्याचा कोपरा.

सतरा आणखी एकीला हवं होतं. कोंकोर्दियाची ओदिला फेरेयरा, आम्हा सगळ्यांची दोन्या ओदिला, म्हणजे ओदिलाबाई, चौऱ्याऐंशी वर्षांची. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिचा निरोप फळ्यावर यायचा, शब्दही न बदलता: ‘सतरा कुणाला सापडलं तर कळवा. ते आमचं दार आहे. माझी आई दारात उभी आहे असं म्हणतात. तिचा दुसरा फोटो नाही.’ फोटोंची पेटी गाव हलवताना भिजून लगदा झाली होती. आईला जाऊन पन्नास वर्षं झाली होती आणि आता तिचा चेहरा आठवत नाही, असं ओदिलाने एकदाच लिहिलं होतं.

जुलैत, दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना, सतरा सापडलं.

नव्या सभासदाची पहिली जाहिरात फळ्यावर लागण्याआधी देल्फोरकडे यायची. त्याने पाहून होकार दिला की मग ती सगळ्यांना दिसायची. नदीपलीकडच्या साल्तोमधल्या एका मास्तरणीला स्वयंपाकाच्या जुन्या पुस्तकात एक पोस्टकार्ड मिळालं होतं. किंमत बारा हजार. देल्फोरने चित्र मोठं केलं. तीन पायऱ्या, हिरवी असावी अशी खिडकी, अर्धवट उघडं दार, आणि दारात ॲप्रन बांधलेली एक बाई.

बाई कुणाची आई आहे हे त्याला दोन सेकंदांत कळलं. होकाराच्या बटणावर त्याचं बोट होतं. मग त्याने बोट काढलं आणि मास्तरणीला लिहिलं, ‘मी घेतो. तुमच्याच किमतीत.’

मनाशी वकिली करायला त्याला वेळ लागला नाही. किंमत पाडली का? नाही. कुणावर जास्त बोली केली का? नाही. चित्र फळ्यावर लागलंच नाही, मग दाराचा हक्क उभाच कुठे राहतो? आणि म्हातारीला द्यायचंच आहे की. नोव्हेंबरात गावाच्या वर्धापनदिनाला नगरपालिकेच्या दालनात चोवीसच्या चोवीस एकदा भिंतीवर लागू देत, मग देऊ.

कार्ड आलं, कपाटाच्या खणात बसलं, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की चोवीस भिंतीवर लावली की सतरा सगळ्यांना दिसणार. नोव्हेंबरात त्याने तेवीसच लावली. सतराच्या जागी मोकळी चौकट ठेवली. लोक चौकटीपाशी थांबून हळहळले आणि देल्फोर त्यांच्याबरोबर मान हलवत राहिला.

“म्हाताऱ्या, तुला झालंय काय?” बायको एल्सिराने विचारलं. “तेवीस होती तेव्हा गॅसवाल्यालासुद्धा आत बोलवून दाखवायचास. आता कपाटाला किल्ली?”

“धूळ जाते आत.”

“धूळ! चाळीस वर्षं तुझ्या अंगावरची ग्रीस मी धुतली, तेव्हा नाही आठवली धूळ. त्या कपाटात बाई ठेवली आहेस का?”

ती हसत होती. देल्फोरने किल्ली खिशात खोल सारली.

कारण बाई होतीच. दुपारी एल्सिरा आडवी झाली की तो किल्ली फिरवायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दाराच्या आत, सावलीत होती, हे त्याला पक्कं आठवत होतं. सप्टेंबरात वाटलं, ती उंबऱ्यावर आहे. हा भुताखेतांना हसणारा माणूस. त्याने आपली कामाची पोलादी पट्टी काढली आणि मोजलं. चौकटीपासून ॲप्रनपर्यंत तीन मिलिमीटर. वहीत लिहून ठेवलं. दोन आठवड्यांनी मोजलं तर चार. पट्टी बदलली, चष्मा बदलला. चारच. त्यानंतर त्याने मोजणं सोडलं, पण उघडून बघणं काही सुटेना. ती फ्रिजच्या घुरघुरीत आहे, ओल्या फरशीच्या वासात आहे, असं त्याला वाटायला लागलं. जेवताना तो दाराकडे पाठ करून बसेनासा झाला.

ओदिलाचे निरोप येतच होते. फक्त आता ती अगदी मोठ्या अक्षरांत लिहायची. फोरमवर मोठी अक्षरं म्हणजे ओरडणं; नियम सहावा. ऑक्टोबरात न्यायाधीशाने तिला सगळ्यांदेखत समज दिली: ‘दोन्या ओदिला, कृपया ओरडू नये.’ खालून उत्तर आलं, तेही मोठ्याच अक्षरांत: ‘माफ कर पोरा. पुन्हा नाही ओरडणार.’ पुढच्या महिन्यात निरोप लहान अक्षरांत आला, आणि त्यात निम्मे शब्द चुकलेले होते. वय झालं बिचारीचं, असं म्हणून देल्फोरने तिच्या नकळत ते सुधारून ठेवले.

फेब्रुवारीत नदी आटली. इतकी की जुन्या आमपारोचे पाये वर आले आणि सगळं नवं गाव उन्हात टोप्या घालून आपापलं घर शोधायला खाली उतरलं. एल्सिराला माहेरच्या स्वयंपाकघराची निळी फरशी सापडली. ती चिखलात फतकल मारून रडली आणि मग हातपाय धुऊन सगळ्यांना माते, आमचा कडू पाल्याचा चहा, पाजत फिरली, एकच तुंबा, एकच नळी. देल्फोर बेलग्रानोच्या कोपऱ्यावर गेला. तीन पायऱ्या होत्या. वर काही नव्हतं, भिंत नाही, चौकट नाही, नुसतं आकाश.

तो पहिली पायरी चढला, दुसरी चढला. तिसरीवर पाय टाकवेना. समोर कुणी उभं असलं आणि बाजूला होत नसलं की माणूस जसा थांबतो, तसा तो थांबला.

“चढ की!” खालून एल्सिरा ओरडली. “कुणाचं घर आहे ते?”

“फेरेयरांचं.”

“ती सतरावाली? अगं बाई, तिला सांगायला हवं! एक फोटो तरी काढ.”

त्याने फोटो काढला. पाठवला नाही.

मार्चचा पहिला सोमवार आला आणि निरोप आला नाही. देल्फोर सकाळपासून फळ्यापाशी बसला. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. आठ महिने जो निरोप येऊ नये असं त्याला वाटायचं, त्याची तो तहानेल्यासारखी वाट बघत राहिला. गेली, त्याला वाटलं. आपण कार्ड दाबून बसलो आणि म्हातारी गेली. गुरुवारी त्याने खण उघडला, बाईकडे न बघता कार्ड पाकिटात घातलं आणि कोंकोर्दियाची बस धरली.

दार ओदिलानेच उघडलं. देल्फोरने भिंतीला हात टेकला.

“कोण?”

“देल्फोर बोनीन. काठचा.”

“न्यायाधीश!” म्हातारी खळखळून हसली. “अरे, ओरडायचं सोडलं ना मी. आता घरी येऊन शिक्षा देणार का?”

हसताना ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. तो जरा बाजूला सरकला. तिची नजर तिथेच राहिली.

“ये, खुर्ची डावीकडे आहे. या महिन्यात लिहायचं राहिलं बघ. अक्षरं सापडेनात. शेजारीण लिहून देते म्हणाली, तर ती गेली लेकीकडे.”

येताना बसमध्ये त्याने सगळं भाषण पाठ केलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. त्याने पाकीट तिच्या हातात ठेवलं. “सतरा,” एवढंच म्हणाला.

ओदिलाने कार्ड बाहेर काढलं. बोटं त्याच्यावरून फिरवली, एकदा, दोनदा. कागद गुळगुळीत होता. तिने ते नाकाशी नेलं, मग छातीशी धरलं.

“दार उघडं आहे?” तिने विचारलं.

“अर्धं.”

“आई आहे?”

“आहे. ॲप्रन बांधलाय. एक हात चौकटीवर.”

“डावा असेल. उजवा दुखायचा तिचा.” तिने कार्ड पुढे केलं. “आता चेहरा सांग.”

देल्फोरने खिशातलं भिंग काढलं. दारातली सावली, सावलीत बाई. ती आज आत होती, अगदी आत. त्याने भिंग चेहऱ्यावर आणलं आणि चेहऱ्याचे ठिपके झाले, छपाईचे काळे-पांढरे ठिपके. लांब धरलं तर बाई, जवळ आणलं तर ठिपके.

“मला... मला ओळखता येत नाही हो. मी कधी पाहिलं नव्हतं त्यांना.”

“तू कुठून ओळखणार?” ओदिला समजुतीने म्हणाली आणि टेबलाचा खण चाचपू लागली. “किंमत काय लावली होती फळ्यावर? हक्काचं आहे, फुकट नको.”

“फळ्यावर नव्हतं लागलं.”

“म्हणजे?”

“माझ्याकडे आलं होतं आधी. मी लावलंच नाही. मीच घेतलं. ठेवून घेतलं.” तो तिच्या हातांकडे बघत बोलत होता. “तुमचं दार आहे हे मला माहीत होतं.”

खण चाचपणारा हात थांबला.

“कधी?”

“जुलैत.”

ओदिला रागावली असती तर बरं झालं असतं. तिने बोटांवर महिने मोजले, हळू, एखादा चुकू नये म्हणून.

“जुलैत मला भिंगातून दिसत होतं,” ती म्हणाली. “ऑक्टोबरपर्यंत दिसत होतं. मोठी अक्षरं केली की वाचताही यायचं.”

मग तिने किंमत पुन्हा विचारून बारा हजार काढून दिले आणि त्याला ते घ्यायला लावले. देल्फोरने तिथेच, तिच्या संगणकावर, तिच्या नावाने स्वतःच्या नावापुढे लिहिलं: ‘सौदा वाकडा. कार्ड आठ महिने दाबून ठेवलं.’ तिला वाचून दाखवलं. आम्ही सगळ्यांनी ते संध्याकाळी वाचलं, आणि रात्री त्याने फोरमच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हवाली केल्या. त्याला कुणी हाकललं नाही. पण न्यायाधीश हे नाव कुणी पुन्हा काढलं नाही.

निघताना मात्र ओदिलाने त्याची बाही धरली होती. “पहिल्या सोमवारी ये,” ती म्हणाली होती.

तेव्हापासून तो दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जातो. एल्सिरा डब्यात एम्पानादा, म्हणजे सारणाच्या करंज्या, भरून देते. ओदिला कार्ड काढून त्याच्या हातात देते. तो पायऱ्या सांगतो, खिडकी सांगतो, ॲप्रन सांगतो. ती डोळे मिटून ऐकते.

“आता चेहरा,” ती म्हणते.

देल्फोर भिंग लावतो.

“ठिपके आहेत, दोन्या ओदिला.”

“नीट बघ, पोरा,” ती म्हणते. “मी ओळखलं असतं.”