दादाच्या अर्ध्या गोळ्या

माझ्या थोरल्या भावाला जनावरांचं सगळं कळतं, असं तेलंगणातल्या बेल्याकडच्या आमच्या गावात सगळे म्हणत आणि दादाही ते कधी नाकारत नसे. वासराला हगवण लागली की आदिलाबादहून आणलेली मोठी गोळी तो दगडावर कुटायचा, ताकात कालवायचा आणि बांबूच्या नळीनं पाजायचा. शेण घट्ट झालं की औषध बंद. उरलेली गोळी कागदात गुंडाळून गोठ्याच्या छपरात खोचायची, पुढच्या वासरासाठी. शेजारी मागायला आला तर त्यालाही अर्धी मिळे. डॉक्टरनं कितीही दिवस सांगितलेले असोत, बऱ्या झालेल्या जिवाला उगाच औषध कशाला, असं दादाचं म्हणणं. आम्हालाही ते पटायचं.

यंदा वहिनीची गाय व्याली. तिच्या माहेरून आलेली, आता म्हातारी झालेली गाय. हे तिचं शेवटचं वेत. आजवर तिला सगळे गोऱ्हेच झाले होते, या खेपेला कालवड झाली. माहेरचा वंश दारात राहणार म्हणून वहिनीचे पाय जमिनीवर ठरेनात.

आठवडाही झाला नसेल, कालवडीला पातळ, पांढरट हगवण लागली. दादानं छपरातली अर्धी गोळी काढून पाजली. दुसऱ्या दिवशीही हगवण तशीच. मग त्यानं अख्खी दिली.

"दवाखान्यात न्या ना इले," वहिनी म्हणाली.

"थांब ना जराशी. माह्या हातून आजवर कोनतं वासरू गेलं?"

खरंच गेलं नव्हतं. तिथंच सगळं अडलं.

कालवडीनं आचळ सोडलं, डोळे खोल गेले, तेव्हा कुठं दादा तिला मांडीवर घेऊन माझ्या मोटारसायकलवर बसला. डॉक्टरनं सलाईन लावलं, वेगळं इंजेक्शन दिलं. मग आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत त्यानं समजावलं: अर्धवट औषधानं लेचेपेचे जंतू मरतात, चिवट तेवढे गोठ्यात उरतात आणि पुढच्या वासराच्या पोटात जातात. आता त्यांच्यावर ही गोळी चालत नाही. आणायला उशीर झाला, एवढंच त्यानं वर सांगितलं. तो चार शब्द रागावून बोलला असता तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी, घरी आणल्यावर, कालवड गेली. दादानं हयगय केली असती तर मला त्याच्यावर चिडता आलं असतं. पण जीव लावूनच तर त्यानं सगळं केलं होतं. फार वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं.

वहिनी रडली नाही. तिनं विचारलं, "मांगची सारी वासरं त्याच गोळीनं बरी झाली होती ना?"

"हो," दादा म्हणाला. "बरी होत गेली, म्हनून तं मी शिकलो नाही."

गाय आता पुन्हा व्यायची नव्हती. कास मात्र भरून आली होती. वहिनी उठली आणि धार काढायला गेली.