दोन कॉम्प्युटर, दोन उत्तरं

पुराच्या गाळाचा वास आला की मला धुळ्यातलं आमचं पूर-अंदाजाचं ऑफिस आठवतं. त्या दुपारी वरच्या धरणातून पाणी सुटलं होतं आणि ते पांझरेकाठच्या वस्तीत शिरेल का, हे मला सांगायचं होतं. प्रोग्रॅम तोच, आकडे तेच. पण जुना कॉम्प्युटर म्हणत होता शिरेल, नवा म्हणत होता नाही. दशांशचिन्हापुढचे आकडे दोघं वेगवेगळ्या ठिकाणी तोडत होते आणि तो कणभर फरक पुढच्या प्रत्येक गणितात वाढत गेला होता. तेवढ्यात वस्तीतल्या एका अक्कांचा फोन आला, “ताई, पानी येस का नही, इतलंच सांगा.” मी साहेबांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, “आहे ते खरं सांग.” “अक्का, मला नक्की कळत नाहीये,” मी म्हणाले, “म्हणूनच पोरंबाळं घेऊन आत्ताच्या आत्ता निघा.” संध्याकाळी पाणी आलं, त्यांच्या उंबऱ्याला लागलं आणि तिथंच थांबलं. चुकलं कोण, ते काही ठरलं नाही. आता माझ्या टेबलावर एकच कॉम्प्युटर आहे. तो एकच उत्तर देतो, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.