मागचा आवाज

काचवाल्याच्या मेव्हण्याला सगळी गल्ली रेडिओ म्हणायची. तीस वर्षं दोघांनी मिळून काचा वाहिल्या. मोठी काच उभी धरून जिना चढताना पुढच्याला मागचं टोक दिसत नाही, ते मागच्यानेच सांभाळायचं. रेडिओ ते सांभाळायचा आणि वर अखंड बडबडायचा. "पायरी आहे. भिंत चार बोटं लांब. चला दाजी, मी आहे." सपाट रस्त्यावरसुद्धा "मी आहे"! काचवाल्याचं डोकं उठायचं.

एकदा दुकानावरून परदेशी पक्ष्यांची रांग कलकलाट करत गेली, तेव्हा रेडिओने शोध लावला होता. "बघा दाजी, पुढचा गप्प उडतो, मागचे ओरडतात. त्याला मान वळवायला लागू नये म्हणून." खरंखोटं त्या पक्ष्यांनाच ठाऊक.

"मग जा की तूही त्यांच्याबरोबर," काचवाला म्हणाला होता.

आणि तो खरंच गेला. कंबर धरली, काम सुटलं, लेकीने त्याला समुद्रापलीकडे आपल्या घरी नेलं. रविवारी फोन येतो, पण फोनवर रेडिओला काही म्हणता काही सुचत नाही. त्याच्या आठवणीने काचवाल्याचा जीव कासावीस होतो. हातातली काच कापायची हिरकणी काचेवर टेकवून तो तसाच उभा राहतो.

नंतर दोन गडी ठेवून पाहिले. दोघेही तोंडातून शब्द काढत नसत, आणि दोघांच्या वेळी एकेक काच जिन्यातच फुटली. आता तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवर्गाची काच पोचवायची राहिली होती. हीसुद्धा फुटली तर दुकानाला कुलूप, असं त्याने ठरवून टाकलं.

"मागे मी धरते," बायको म्हणाली. रेडिओचीच बहीण ती.

"धर. पण तोंड बंद. तुमच्या घराण्याला ते जमत नाही."

तिने भावाचे जुने हातमोजे चढवले आणि ओठ घट्ट मिटले.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काचवाला थबकला. मागचं टोक कुठे आहे, भिंत किती लांब आहे, काही कळेना. पाय उचलेचना. जिन्याच्या खिडकीबाहेरून पक्षी चालले होते. पुढचा गप्प होता, मागे नुसता गलका.

"बोल काहीतरी," तो म्हणाला.

"तुम्हीच तर तोंड बंद म्हणालात."

"चुकलं माझं. बोल."

 ती थेट भावाच्या सुरात म्हणाली, "पायरी आहे. भिंत चार बोटं लांब. चला, मी आहे."

काचवाल्याचे डोळे भरले. दोन्ही हात काचेला होते, त्यामुळे पुसायचे राहिले. काच मात्र अखंड वर गेली.

रविवारी फोन आला. नेहमीसारखं दोन्हीकडे गप्प.

"सुचत नसेल तर ते जिन्यातलंच बोल," काचवाला म्हणाला.



"पायरी आहे, दाजी," रेडिओ म्हणाला, आणि काचवाल्याने बसल्या जागी पाय उचलला.